परतीच्या वाटेची हवा

राखीव सिलिंडर घ्यायला निघालेला डायव्हर दुकानदाराला बहुतेकदा एकच प्रश्न विचारतो: सगळ्यांत लहान कोणता आहे? त्याचं म्हणणं समजण्यासारखं आहे. पाठीवर आधीच ११ लिटरचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर, कमरेला शिशाची वजनं, अंगावर हवा भरून तरंगायचं जॅकेट, म्हणजे बीसीडी, लोंबणाऱ्या नळ्या. त्यात आणखी एक ओझं कशाला? शिवाय ही वस्तू वापरायची वेळ बहुधा यायचीच नाही, हेही त्याला ठाऊक असतं. म्हणून बॅगेत मावेल आणि पाण्यात जाणवणार नाही असं काहीतरी तो शोधतो. लोकांना पाण्याखाली नेणं आणि सुखरूप वर आणणं हा पोटापाण्याचा उद्योग झाल्यापासून माझं मत याच्या नेमकं उलट बनत गेलं आहे. राखीव सिलिंडर, ज्याला डायव्हर मंडळी पोनी म्हणतात, तो आधी परतीची वाट मोजून आणि मगच दुकानात जाऊन निवडायचा असतो. ती वाट मोजताना श्वास घेणारा माणूस घाबरलेला धरायचा, आणि सिलिंडर कॅटलॉगात लिहिलाय तितका भरलेला नाही असंही धरायचं. या दोन गोष्टी हिशेबात घेतल्या की लहान सिलिंडर एकेक करून यादीतून आपोआप गळतात.

गणित शाळेतलंच आहे. पाण्यात दर १० मीटरला दाब साधारण १ बारने वाढतो आणि वरच्या हवेचा १ बार असतोच, म्हणून ३० मीटरवर ४ बार. तिथल्या प्रत्येक श्वासात काठावरच्या चौपट हवा खर्च होते. निवांत पोहणारा सरावाचा डायव्हर काठाच्या हिशेबाने मिनिटाला १५ ते २० लिटर हवा वापरतो. पण हवा तुटलेला माणूस निवांत नसतो, म्हणून ३० लिटर धरू. पहिलं मिनिट ३० मीटरवरच जातं: काय झालं ते कळणं, दुसरा रेग्युलेटर तोंडात घेणं, सावरणं. ते झाले १२० लिटर. मग मिनिटाला ९ मीटर या वेगाने ५ मीटरपर्यंत चढायला जवळपास ३ मिनिटं. सरासरी दाब पावणेतीन बार, म्हणजे सुमारे २५० लिटर. ५ मीटरवर ३ मिनिटांचा सुरक्षा थांबा, १३५ लिटर. उरलेल्या ५ मीटरला मिनिटभर, आणखी ४० च्या आतबाहेर. बेरीज जवळपास ५४० लिटर. बाजारात १९ घनफुटी म्हणून मिळणाऱ्या सिलिंडरची जलक्षमता सुमारे २.७ लिटर असते. २०० बारला त्यात बरोबर तेवढीच हवा बसते, वर थेंबभरही शिल्लक नाही. त्याहून लहान १३ घनफुटीत पावणेचारशेच्या आसपास, म्हणजे १८ मीटरच्या डाइव्हला ती जेमतेम पुरते. तिथे हाच हिशेब साडेतीनशेच्या घरात जातो. आणि हातात धरायची, नळीही नसलेली, ३ घनफुटांची छोटी बाटली? तिच्यात ८५ लिटर. जाहिरातीत तिचे श्वास काठावर मोजलेले असतात. ३० मीटरवर घाबरलेल्या माणसाला ती पाऊण मिनिटही पुरत नाही. १० मीटरच्या आत ती उपयोगाची आहे हे खरं, पण १० मीटरवरून माणूस तिच्याशिवायही वर येऊ शकतो.

यावर जाणकार लगेच बोट ठेवतात ते सुरक्षा थांब्यावर. तो सक्तीचा नाही. डिकम्प्रेशनची मर्यादा न ओलांडणाऱ्या डाइव्हमध्ये जिवावर बेतलं तर तो गाळायचा, हेच शिकवलं जातं. मग त्याचे १३५ लिटर कशाला धरायचे? तांत्रिकदृष्ट्या मुद्दा बिनतोड आहे. पण हिशेबात कुठेतरी ढिलाई हवीच, आणि ती ठेवायला ही जागा सगळ्यांत सोयीची. एक मिनिटाऐवजी दोन मिनिटं तळाशी गेली, बडीच्या, म्हणजे जोडीदाराच्या, पायात दोर अडकला, प्रवाहाने नांगराच्या दोरापासून दूर नेलं, तर त्या थांब्याचे लिटर तिथे कामी येतात. थांबा आधीच गाळून आखलेल्या हिशेबात हातचं राखलेलं काहीच उरत नाही. एरवी चार चपात्यांच्या भुकेला सहा लाटणारी आपली माणसं हवेच्या बाबतीत एवढी काटकसर का करतात, हे कोडं मला सुटलेलं नाही.

खरा आणि जुना आक्षेप मात्र वेगळाच आहे: बडी असताना पोनी हवी कशाला? डायव्हिंगचं सगळं शिक्षणच जोडीवर उभं आहे. तुमची हवा गेली की जोडीदार त्याचा जादा रेग्युलेटर, म्हणजे पिवळा ऑक्टोपस, तुमच्या तोंडात देतो आणि दोघं मिळून वर येता. हा आक्षेप टाळून पुढे जाता येत नाही, कारण पुरेशी हवा असलेला, हाताच्या अंतरावरचा, शहाणा बडी हा कोणत्याही पोनीपेक्षा चांगलाच. त्याच्याकडे हवेखेरीज डोळे आणि हातही असतात. पण या वाक्यातल्या तीन अटी एकेक करून तपासाव्या लागतात. ५० बार राखून वर यायचं, हा आपल्याकडे सर्रास सांगितला जाणारा नियम. ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये ५० बार म्हणजे ५५० लिटर. वरच्या हिशेबाने ३० मीटरवरून एकट्या घाबरलेल्या माणसालाच ५४० लागतात; दोघांना १०८० हवेत, म्हणजे तळ सोडताना बडीकडे १०० बारच्या आसपास असायला हवेत. हे पाळणाऱ्या जोड्या आहेत आणि त्यांना पोनीची गरज खरोखरच कमी आहे. गेजचा काटा ५० वर आल्याशिवाय वर न निघणाऱ्या जोडीत मात्र बडी हा राखीव सिलिंडर नव्हेच. तो दुसरा बुडणारा माणूस ठरू शकतो.

अंतराची अट तर पाण्यावरच अवलंबून. मालवण-तारकर्लीच्या पाण्याची स्वच्छता दिवसागणिक बदलते. चार हातांपलीकडचा माणूस सावलीसारखा दिसतो असे दिवसही येतात, आणि तशात जोडी तुटायला एका वळणाचा वेळ पुरतो. अंदमानच्या निळ्या पाण्यात दृष्टी लांब जाते, पण तिथेही जॉनीज गॉर्जसारख्या जागी ३० मीटरच्या आसपास प्रवाह असतो, आणि दहा मीटर मागे राहिलेला बडी हवेशिवाय गाठायचा म्हणजे ते दहा मीटर फार लांब असतात. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात असलेल्या आंग्रिया बँकेवर तर पठाराचा माथाच वीस मीटरखाली सुरू होतो. तिथे उथळ म्हणावी अशी डाइव्ह नाही आणि किनारा दृष्टीच्या टप्प्यात नाही.

तिसरी अट शहाणपणाची, आणि माझ्या दृष्टीने वादाचा निकाल तिथेच लागतो. गाइडचा बडी कोण असतो? कालपरवा प्रमाणपत्र मिळालेला पाहुणा. कागदावर ती जोडी असते, प्रत्यक्षात मदत एकाच दिशेने वाहते. पाहुण्याची हवा गेली तर गाइड आहे. गाइडची नळी फाटली, रेग्युलेटरचा सिलिंडरवर बसणारा भाग, म्हणजे फर्स्ट स्टेज, बिघडून सिलिंडर काही मिनिटांत रिकामा होऊ लागला, तर स्वतःचा मास्क सांभाळताना ज्याची त्रेधा उडते तो पाहुणा त्याला काय देणार? तारकर्लीच्या एमटीडीसीच्या डायव्हिंग संस्थेत शिकलेली, पुढे अंदमान, गोवा, नेत्राणी अशी फिरणारी कोकणातली पोरं रोज याच एकतर्फी जोडीत पाण्यात उतरतात. म्हणून पोनीची पहिली गरज हौशी डायव्हरला नाही, ती पाण्यात लोकांना घेऊन जाणाऱ्याला आहे, असं माझं ठाम मत झालं आहे. आणि एकदा गाइडसाठी म्हणून निवडायची ठरली की हिशेब आणखी वाढतो. तिच्यावर श्वास घेणारा गाइडच असेल असं नाही. तो बहुधा तोंडचं पाणी पळालेला पाहुणा असेल. त्याला मिनिटाला ४० लिटर धरावे लागतात, आणि मग ३० मीटरवरून थांब्यासकट ७२० लिटर होतात. १९ घनफुटी तिथेच बाद. ३० घनफुटी, म्हणजे जवळपास ४.३ लिटर क्षमतेचा सिलिंडर २०० बारला साडेआठशे लिटर देतो; तो घ्यायचा. ब्रिटिश डायव्हर थंड आणि गढूळ पाण्यात वर्षानुवर्षं ३ लिटरचा, २३२ बारचा पोलादी सिलिंडर पाठीवरच्या मोठ्याला बांधून नेतात. त्यातही ७०० लिटरच्या आसपास हवा असते, म्हणजे त्यांचा अनुभवही याच आकड्याच्या जवळ येऊन थांबला आहे.

हवा राखून ठेवायची कल्पना नवी नाही. दाब दाखवणारं गेज सर्रास नव्हतं त्या काळात सिलिंडरच्या वाल्वमध्येच एक स्प्रिंग असे. ती शेवटचे वीस-तीस बार अडवून धरी. श्वास जड झाला की डायव्हर पाठीमागची सळई ओढून तेवढी हवा मोकळी करी आणि वर निघे. पण कुठेतरी घासून सळई आधीच ओढली गेली असेल तर राखीव हवा नकळत संपून गेलेली असे. शिवाय राखीव आणि मुख्य हवा एकाच भांड्यात, एकाच वाल्वमागे. गळती लागली तर दोन्ही एकदम जाणार. आज एकाच सिलिंडरला दोन फर्स्ट स्टेज लावायची सोय असलेले वाल्व मिळतात, त्यांनाही हे लागू आहे: रेग्युलेटर बिघडला तर ते वाचवतात, हवा संपली तर नाही.

कॅटलॉगातला २०० बार आपल्या हाती खरोखर येतो का, हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि आपल्याकडे तो सगळ्यांत आधी विचारायला हवा. कॉम्प्रेसरवर मोठ्या सिलिंडरांची रांग लागलेली असते. त्यात मध्येच एक लहानसा सिलिंडर लावला तर तो झरझर भरतो, हाताला चटका बसेल इतका तापतो, आणि काटा २०० दाखवतो. संध्याकाळी होडीत ठेवताना तो थंड झालेला असतो आणि काटा २० बार खाली आलेला असतो. त्याहून नेहमीची गोष्ट म्हणजे कॉम्प्रेसरच हाताशी नसणं. मग मोठ्या सिलिंडरमधून छोट्या नळीने पोनीत हवा उतरवून घ्यायची. इथे पुन्हा गणित आडवं येतं. ११.१ लिटरच्या, २०० बारने भरलेल्या सिलिंडरमध्ये २२२० लिटर हवा. ती रिकाम्या २.७ लिटरच्या पोनीशी जोडली की दोन्हींत दाब सारखा होतो १६१ बारला, आणि पोनीत येतात ४३० च्या वर थोडेसे लिटर. ५४० ची गरज आणि ४३० हातात! थांबा गाळला तरच गाडं वरपर्यंत पोचेल, तेही काठोकाठ. हाच प्रयोग ४.३ लिटरच्या सिलिंडरवर केला तर दाब १४४ बारवरच थांबतो, पण हवा मिळते ६२० लिटर. घाबरलेल्या पाहुण्याचा थांब्याशिवायचा प्रवास ५४० लिटरचा. तो त्यात आरामात बसतो. मोठ्या सिलिंडरच्या बाजूने याहून चांगला पुरावा मला माहीत नाही: अर्धवट भरलेला असतानाही तो आपलं काम करतो. अशी हवा उतरवताना वाल्व अगदी हळू उघडायचा, आणि ज्यातून हवा घेतली तो मोठा सिलिंडर त्या दिवशी कुणाच्या पाठीवर चढवायचा नाही, एवढं पथ्य पाळावं लागतं.

हवेच्या प्रकाराबद्दल थोडक्यात. मुख्य सिलिंडरमध्ये नायट्रॉक्स, म्हणजे ऑक्सिजन वाढवलेली हवा, असला तरी पोनीत साधी हवाच भरावी. ३२ टक्के ऑक्सिजनचं मिश्रण ३३-३४ मीटरच्या खाली श्वासात घेणं योग्य नाही, आणि पोनी तर सगळं बिनसल्यावर, कदाचित ठरवल्यापेक्षा खोल गेल्यावर वापरायची. साध्या हवेला ती अडचण नाही.

आता जोडणी. पोनी पाठीवर मुख्य सिलिंडरला पट्ट्याने बांधायची की डाव्या कुशीला दोन हुकांनी लटकवायची, हा वाद जुना आहे. पाठीवर बांधली की ती विसरता येते, आणि तीच तिची खोड: वाल्व हाताला लागत नाही, गेज दिसत नाही, दुसऱ्याला देता येत नाही. कुशीला लटकवलेली पोनी छातीसमोर असते. वाल्व डोळ्यांखाली, गेजवर ओझरती नजर टाकता येते. लहान होडीवरून पाठीमागे कलंडत पाण्यात उतरताना ती बरगडीवर आपटते, हे खरं. त्यावर इलाज म्हणजे आधी स्वतः उतरायचं, मग होडीवाल्याकडून ती खाली घ्यायची. या पद्धतीत ती होडीतच राहून जाण्याचा धोका आहे, म्हणून खाली जाण्याआधीच्या तपासणीत वाल्व आणि गेजइतकंच तिचंही नाव घ्यावं लागतं.

पोनीचा फर्स्ट स्टेज जितका साधा तितका बरा. महागडा बॅलन्स्ड रेग्युलेटर शेवटच्या श्वासापर्यंत हवा सारखीच मऊ देतो आणि मग एकदम थांबतो. जुन्या धाटणीचा साधा पिस्टनवाला, सिलिंडर रिकामा होत आला की जड होत जातो. राखीव हवेवर वर येणाऱ्याला ही आगाऊ सूचना सोन्यासारखी, शिवाय बिघडायला त्यात भागही कमी. तोंडात धरायच्या भागाची, म्हणजे सेकंड स्टेजची, नळी मीटरभर लांबीची घ्यावी आणि सिलिंडरवर ओढून बसवलेल्या सायकलच्या ट्यूबच्या दोन कड्यांत घडी घालून खोचावी. ओढली की एका झटक्यात निघते, ओढेपर्यंत कुठे अडकत नाही. नळी लांब असली की आधी पाहुण्याच्या तोंडात रेग्युलेटर देता येतो. तो दोन श्वास घेऊन सावरला की मग हुक काढून सिलिंडर त्याच्या डी-रिंगला अडकवायचा. क्रम उलटा झाला तर हुकाशी झटापट चालू असताना समोरचा माणूस तुमच्याच तोंडातला रेग्युलेटर ओढतो.

पोनीचा वाल्व उघडा ठेवावा की बंद, यावर शहाण्या माणसांतही दोन तट आहेत. बंद ठेवणारे म्हणतात की रेग्युलेटर कुठे घासून बटण दाबलं गेलं तर पोनी नकळत रिकामी होईल. एकदा उघडून नळीत दाब भरून घ्यायचा आणि बंद करायचा. गरज पडली तर पहिला श्वास नळीतला, तेवढ्यात वाल्व फिरवायचा. स्वतःपुरतं हे उत्तम. पण पाहुण्याला वाल्व फिरवायचा असतो हे माहीत नसतं, आणि दुसऱ्या श्वासाला हवा आली नाही तर तो मिळालेला रेग्युलेटर थुंकून वरच्या दिशेने सुटतो. म्हणून गाइडने तो उघडाच ठेवावा आणि दर काही मिनिटांनी स्वतःच्या गेजसोबत पोनीचंही गेज पाहावं, असं मी म्हणतो. त्यासाठी गेज मात्र हवंच. वजन वाचवायला गेज काढून टाकणारे लोक आहेत. पोनी भरलेली आहे हे ते कशावरून सांगतात, देव जाणे.

पोनीविरुद्धचा सगळ्यांत टोकदार आक्षेप सिलिंडरवर नाही, माणसावर आहे. राखीव हवा आहे म्हटल्यावर माणूस बेफिकीर होतो, पाच मिनिटं जास्त रेंगाळतो. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कच्या संशोधकांनी १९९२ ते २००३ या काळातल्या ९४७ डायव्हिंग मृत्यूंचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला. ज्या प्रकरणांत सुरुवात कशाने झाली हे ठरवता आलं, त्यांतल्या ४१ टक्क्यांत ती हवा अपुरी पडण्याने झाली होती. उपकरणाच्या बिघाडाने झालेली सुरुवात १५ टक्के. आक्षेप घेणारे हाच आकडा पुढे करतात: लोक गेज पाहत नाहीत म्हणून मरतात, त्यांना दुसरा सिलिंडर दिला तर ते तोही संपवतील. यातला पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. गेज न पाहणाऱ्याला पोनी तारणार नाही, आणि डाइव्हची आखणी करताना पोनीतली हवा शून्य धरायची हा नियम ज्याला पाळवत नाही त्याने ती घेऊच नये. पण त्याच आकड्यांचा दुसरा अर्थही आहे. अपघाताची सुरुवात हवेने झाली तरी शेवट बहुतेक वेळा घाबरून वेगाने वर सुटण्याने, फुप्फुसं फाटण्याने किंवा बुडण्याने होतो. सुरुवात आणि शेवट यांच्यामध्ये जी चार-पाच मिनिटं असतात, पोनी तेवढ्यांसाठीच आहे.

बेफिकिरीपेक्षा मला भीती वाटते ती गोंधळाची. तोंडासमोर दोन-तीन रेग्युलेटर लटकत असले की काठावरून उतरताना चुकून पोनीचाच तोंडात जातो. डायव्हर खाली जातो, मुख्य गेजचा काटा हलत नाही म्हणून खूश होतो, आणि विसाव्या मीटरवर हवा संपते. असं घडणं शक्य आहे हे गृहीत धरूनच जोडणी करायची. पोनीचा सेकंड स्टेज वेगळ्या रंगाचा, शक्यतो वेगळ्या घडणीचा, जेणेकरून तो हाताला आणि दाताला ओळखू येईल. आणि खोचलेल्या जागेवरून तो आपणहून सुटता कामा नये. पहिल्या पाच मीटरवर थांबून तोंडातल्या रेग्युलेटरची नळी हाताने मागे चाचपावी. ती मुख्य सिलिंडरकडे गेली तर हवा तिथूनच येते आहे.

जुना सिलिंडर स्वस्तात मिळत असेल तर त्याच्या खांद्यावरचे शिक्के वाचल्याशिवाय घेऊ नये. १९८८ च्या सुमाराला बंद झालेल्या ६३५१ मिश्रधातूच्या ॲल्युमिनियम सिलिंडरांना मानेशी बारीक तडे जातात, आणि वर्षानुवर्षं कोपऱ्यात पडून असलेल्या लहान सिलिंडरांत असे अजून सापडतात. परदेशातून आणायचा बेत असेल तर विमानात तो वाल्व काढून, उघडाच न्यावा लागतो. भारतात दाबाच्या सिलिंडरांचा कारभार ज्या पेसो संस्थेकडे आहे, तिचं मुख्य कार्यालय नागपूरला आहे आणि आयातीला तिची परवानगी लागते. वाल्व घेताना आपल्याकडच्या कॉम्प्रेसरच्या नळीला बसेल असा, म्हणजे योक आणि डिन या दोन्ही प्रकारच्या जोडण्यांना चालणारा पाहावा. नाहीतर उत्तम सिलिंडर असूनही तो भरायला कुणी तयार होत नाही.

आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पायथ्याशी सहा-सात मीटरवर पर्यटकांना हाताला धरून प्रवाळ दाखवणाऱ्याला यातलं काहीच नको. तिथे पाहुण्याचा सिलिंडर गाइडच्याच हाताखाली असतो, वर मान केली की होडीचं बूड दिसतं, आणि कुशीला लटकणारं एक जास्तीचं धूड घाबरलेल्या नवख्याच्या हातात अडकण्याचा संभवच जास्त.